हकीम, डॉक्टर आणि घरची पुडी

आपल्याकडील कुठल्याही घरातले औषधांचे फडताळ उघडून पाहावे. वरच्या फळीवर रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटे असतात. खालच्या फळीवर कलौंजीच्या तेलाची बाटली, मेथीची पूड, इसबगोल, जोशांद्याची पुडी, खमिऱ्याची बरणी आणि अलीकडे आखाती देशातून आलेल्या मुलाने आणलेला ताकदीच्या गोळ्यांचा डबा. दोन्ही फळ्यांवरचे पदार्थ एकाच पोटात जातात. परंतु दवाखान्यात बोलणे होते ते फक्त वरच्या फळीविषयी. डॉक्टर खालच्या फळीबद्दल विचारत नाहीत आणि रुग्ण आपणहून सांगत नाही. विचारलेच तर "काही नाही साहेब, फक्त तुमच्याच गोळ्या" असे उत्तर येते. हेच अम्मी, हेच चाचा अत्ताराच्या दुकानात गेले की डॉक्टरांच्या गोळ्यांविषयी गप्प राहतात.

हे मौन आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की ते फार पुरातन असावे असे वाटते. पण इतिहास पाहता तसे दिसत नाही. ज्या तिब्बचा वारसा आपण अभिमानाने सांगतो, त्या तिब्बची सुरुवातच "काय खातोस, काय पितोस?" या प्रश्नाने होत असे. तो प्रश्न केव्हा आणि कशामुळे बंद पडला, आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार या लेखात आम्ही करणार आहोत.

गिजा आणि दवा

नवव्या शतकातील बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक याने जालीनूसचे, म्हणजे युरोप ज्याला गॅलेन म्हणतो त्याचे, ग्रंथ सुर्यानी आणि अरबी भाषांत आणले. हुनैन ख्रिस्ती होता. चरक आणि सुश्रुत यांचे ग्रंथही त्याच सुमाराच्या काळात अरबीत गेले. अली इब्न रब्बन तबरी याने इ. स. ८५० मध्ये ‘फिरदौसुल हिक्मत’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यात हिंदी वैद्यकासाठी स्वतंत्र भाग राखला. ज्याला आपण आज ‘युनानी’ म्हणतो ते वैद्यक असे अनेक धर्मांच्या आणि भाषांच्या माणसांनी एकमेकांना विचारत विचारत उभे केले.

या वैद्यकात हकिमाला सहा गोष्टींची चौकशी करावी लागे. त्यांना ‘असबाबे सित्ता जरूरिया’ म्हणत: हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि शरीरातून काय बाहेर पडते व काय साठून राहते. नाडी पाहणे हा तपासणीचा एक भाग झाला. रुग्णाशी बोलल्याशिवाय या सहा गोष्टी कळण्याचा मार्ग नव्हता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. युनानी शास्त्राने पोटात जाणाऱ्या पदार्थांची प्रतवारी लावली होती. एका टोकाला ‘गिजा’, म्हणजे निव्वळ अन्न. दुसऱ्या टोकाला ‘सम्म’, म्हणजे विष. मधे ‘दवा’. शिवाय अन्न असून औषधाचा गुण दाखवणारी ती ‘गिजाए दवाई’ आणि औषध असून पोषण देणारी ती ‘दवाए गिजाई’. आज दुकानात ‘फूड सप्लिमेंट’ म्हणून जे विकले जाते, ते अन्न की औषध हा वाद कायद्याच्या पुस्तकांत अजून मिटलेला नाही. जुन्या हकिमांनी त्यासाठी शब्द करून ठेवले होते, कारण या मधल्या पट्ट्यातच माणूस फसतो हे त्यांना ठाऊक होते.

औषधकोशांची मांडणीही पाहण्याजोगी आहे. एकेका वनस्पतीच्या नोंदीत तिचे नाव, मिजाज, गुण आणि मात्रा यांबरोबर तीन रकाने हटकून असत. ‘मुजिर’ म्हणजे ती कोणत्या अवयवाला अपाय करते. ‘मुस्लिह’ म्हणजे तो अपाय कशाने कमी होतो. आणि ‘बदल’ म्हणजे ती मिळाली नाही तर काय द्यावे. वनौषधीचा ‘काहीही साइड इफेक्ट नाही’ ही जाहिरात आज भिंतीभिंतीवर दिसते. ही भाषा तिब्बच्या ग्रंथांची नाही, बाजाराची आहे. ज्या परंपरेच्या नावाने ती पुडी विकली जाते, त्या परंपरेने प्रत्येक पुडीपुढे अपायाचा रकाना भरला होता.

रेचे गावचा अबू बक्र राझी (मृत्यू सुमारे ९२५) याने ज्यांना हकीम परवडत नाही अशांसाठी वेगळे पुस्तक लिहिले. ते ‘तिब्बुल फुकरा’, म्हणजे गरिबांचे वैद्यक, या नावाने ओळखले जाते. पण त्याच राझीने जालीनूसच्या चुका दाखवणारा ग्रंथही लिहिला. घरगुती औषधाला मान देणारा माणूस मोठ्या नावापुढे मान तुकवणारा नव्हता. इब्न सीनाने (९८०–१०३७) ‘अल कानून’च्या दुसऱ्या खंडात औषधाची पारख कशी करावी याचे सात नियम सांगितले. औषध साध्या, एकेरी आजारावर वापरून पाहावे, त्याचा गुण केव्हा दिसतो याची वेळ पाहावी, तो गुण पुन्हा पुन्हा येतो का ते पाहावे, आणि पारख माणसाच्या शरीरावरच व्हावी, कारण प्राण्याला जे लागू पडते ते माणसाला लागू पडेलच असे नाही. हजार वर्षांपूर्वीची ही शिस्त आहे. ती पाळायची तर रुग्णाने काय काय घेतले आहे हे आधी माहीत असावे लागते.

निजामशहा आणि गोव्याचा वैद्य

हे वैद्यक आपल्या दख्खनेत आले तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला: नावांचा. ग्रंथात लिहिलेले फारसी किंवा युनानी नाव इथल्या बाजारात कोणाला कळणार? दिल्लीत सिकंदर लोदीच्या काळात, १५१२ मध्ये, मियाँ भुवा याने संस्कृत ग्रंथांच्या आधारे ‘मअदनुश्शिफा’ हा फारसी ग्रंथ तयार केला, त्यामागे हीच अडचण होती. औषधांची परकी नावे इथे चालत नाहीत आणि इथल्या हवेला इथले वैद्यक मानवते, अशी त्याची भूमिका. पुढे अहमदनगरला वाढलेला आणि १५८९ पासून विजापूरला राहिलेला इतिहासकार फरिश्ता यानेही हिंदी वैद्यकावर फारसीत ‘दस्तूरुल अतिब्बा’ लिहिले.

पण बोलण्याचा खरा नमुना मिळतो तो गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला आणि मरेपर्यंत, म्हणजे १५६८ पर्यंत, तिथेच राहिला. मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. १५६३ मध्ये त्याचे हिंदुस्थानातील औषधींवरील पुस्तक गोव्यात छापले गेले. हे सबंध पुस्तक संभाषणांच्या रूपात आहे. एक ग्रंथपंडित वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता आपण इथे काय पाहिले ते सांगतो. मधेच घरातली मोलकरीण एखादी वनस्पती घेऊन येते, मधेच एखाद्या हिंदू वैद्याचे मत येते.

हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे उपचारासाठी जात असे. त्याने लिहून ठेवले आहे की सुलतानाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली आणि त्याने सुलतानाला लॅटिन नावे शिकवली. रुग्ण वैद्याला शब्द देतो आहे आणि वैद्य रुग्णाला. पटकीसारख्या रोगाचे वर्णन ओर्ताने केले, तेव्हा त्याने इथलेच नाव घेतले. ते आपल्या मराठीतल्या ‘मोडशी’चे रूप. पोर्तुगीजांच्या तोंडून फिरत फिरत ते फ्रेंचांकडे गेले आणि तिथे त्याचा अर्थच बदलून ‘कुत्र्याचे मरण’ असा झाला. इथले वैद्य त्या रोगात मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज देतात, हेही त्याने नोंदवले. घरच्या चुलीवरचा उपाय एका दरबारी वैद्याने हसण्यावारी नेला नाही, लिहून घेतला.

अर्थात तो काळ सोन्याचा होता असे मात्र नाही. ओर्ता मूळच्या ज्यू घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. मोकळेपणाने विचारणाऱ्याला सत्ता नेहमीच क्षमा करत नाही.

दोन दवाखाने, दोन भाषा

विसाव्या शतकात या बोलण्याला खरी खीळ बसली. १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात वैद्यकीय नोंदणीचा कायदा झाला. नोंदणी मिळाली ती पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांनाच. वैद्य आणि हकीम कायद्याच्या दृष्टीने बाहेर राहिले. या धोरणाचा धोका ओळखून दिल्लीचे हकीम अजमल खान (१८६८–१९२७) यांनी १९१० पासूनच वैद्य आणि हकीम यांना एका परिषदेत एकत्र आणले होते. त्यांचे तिब्बिया कॉलेज १९२१ मध्ये दिल्लीत उभे राहिले, उद्घाटन महात्मा गांधींनी केले. तिथे युनानी आणि आयुर्वेद शेजारी शेजारी शिकवले जात. मुंबई इलाख्यात वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा व्हायला मात्र १९३८ साल उजाडले.

कायद्याने दवाखाने वेगळे केले, त्याबरोबर भाषाही वेगळ्या झाल्या. डॉक्टर इंग्रजीत लिहू लागला. हकीम ‘हुवश्शाफी’ लिहून फारसी-उर्दूत नुस्खा लिहीत राहिला. रुग्ण दोघांकडे जात राहिला; तेवढा बदलला नाही. फक्त एकाकडे गेल्याचे दुसऱ्याला सांगणे त्याने सोडून दिले. डॉक्टर म्हणणार "अडाण्यासारखे काय काय खाता", हकीम म्हणणार "अंग्रेजी दवाने जिगर जाळून घेतलेत". दोन्हीकडून बोलणी खाण्यापेक्षा गप्प राहिलेले बरे, असा शहाणपणा त्यातून जन्मला. हा शहाणपणा भित्रेपणाचा नव्हता. अपमान टाळण्याचा तो गरिबाचा मार्ग होता.

सर्पगंधेचा धडा

ही भिंत ओलांडली की काय घडते याचे उदाहरण सर्पगंधेचे आहे. युनानीत तिला असरोल म्हणतात. वेड आणि निद्रानाश यांवर ती पिढ्यान्‌पिढ्या दिली जात असे. हकीम अजमल खान यांनी आपल्या संशोधन संस्थेसाठी जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेल्या सलीमुज्जमाँ सिद्दीकी या तरुणाला निवडले. सिद्दीकी परतले तोवर हकीमसाहेबांचे निधन झाले होते. १९३१ मध्ये सिद्दीकींनी सर्पगंधेच्या मुळीतून काही द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीमसाहेबांच्या नावावरून ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी ही मुळी रक्तदाबावरही उपयोगी पडते असे मांडले.

पुढे मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधा वापरून, नोंदी ठेवून, १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. जगाचे लक्ष इकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून ‘रेसरपीन’ वेगळे झाले आणि रक्तदाबावरची ती एक प्रमुख गोळी बनली. हकिमाची मुळी, मुस्लिम रसायनशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा आणि पारशी डॉक्टरचा दवाखाना यांच्या सांध्यातून हे घडले.

धड्याचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. रेसरपीन घेणारे काही रुग्ण डॉक्टरांना सांगू लागले की रक्तदाब उतरला, पण मन खचत चालले आहे. त्या तक्रारींमुळे १९५० च्या दशकातच सावधगिरीच्या सूचना निघू लागल्या. म्हणजे ज्या मुळीत गुण होता तिच्यात अपायही होता, आणि तो रुग्णाने तोंड उघडले म्हणून कळला. झाडपाला म्हणजे थोतांड असे मानणारा आणि झाडपाला म्हणजे निरुपद्रवी असे मानणारा, दोघांनाही सर्पगंधेने खोटे पाडले आहे.

आजची किंमत

रुग्णाचे हे मौन केवळ आपल्या मोहल्ल्यातले नाही. अमेरिकेत १९९० मध्ये १५३९ प्रौढांची पाहणी झाली आणि ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे तिघांतला एक जण रूढ वैद्यकाबाहेरचे काही ना काही उपचार घेत होता आणि अशा लोकांपैकी ७२ टक्क्यांनी ते आपल्या डॉक्टरला सांगितले नव्हते. शिकलेल्या, श्रीमंत देशातली ही गोष्ट. तेव्हा ‘आपले लोक अडाणी म्हणून लपवतात’ हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. विचारणारा आपल्याला तुच्छ लेखील असे वाटले की माणूस कुठेही लपवतो.

लपवण्याचा तोटा काय? घरगुती उदाहरणेच घेऊ. खोकल्याच्या जोशांद्यात मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध असते. चार दिवस घेतली तर बहुधा बिघडत नाही. पण महिनोन्‌महिने रोज घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम उतरते. रुग्ण लघवी वाढवणारी गोळी घेत असेल तर ते आणखी उतरते आणि हृदयाच्या ठोक्यांवर येते. डॉक्टर मात्र रक्तदाब का उतरत नाही म्हणून गोळ्या वाढवत राहतात. मेथी, कारले यांच्या पुड्या मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर भरपूर घेतल्या तर साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. इसबगोल गोळ्यांसोबतच घेतले तर काही गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत, मधे वेळ जाऊ द्यावा लागतो. यांतली एकही वस्तू वाईट नाही. ती न सांगता घेणे धोक्याचे आहे.

पुडीत काय आहे हा त्याहून मोठा प्रश्न. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील बोस्टन परिसरातल्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक औषधे घेऊन तपासली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. आपल्याकडच्या कुश्त्यांत तर धातूच असतात. ते कोणी आणि कसे बनवले, यावर सगळे अवलंबून.

करोनाच्या काळात घरोघरी काढे उकळले गेले. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली आणि ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: ती वनस्पती गुळवेलच होती कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी नव्हती कशावरून? हा वाद इथे सोडवण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु दोन्ही पक्षांना एकच माहिती हवी होती: रुग्णाने नेमके काय, किती आणि किती दिवस घेतले. ती माहिती फक्त रुग्णाकडे असते.

कायद्याची स्थिती वाचकांनी जाणून घ्यावी. १९५४ च्या कायद्याने मधुमेहासारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई केली. युनानी आणि आयुर्वेदिक औषधे १९६४ मध्ये औषध कायद्याखाली आली. पोषक गोळ्या आणि पावडरींचे डबे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात बसतात, आणि अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूने रोग बरा करण्याचा दावा करायचा नसतो. तरीही दावे ऐकू येतात, अनेकदा दीनी जलशाच्या दाराशी लागलेल्या स्टॉलवरही.

इथे श्रद्धेचा नाजूक मुद्दा येतो. मधाचा गुण कुराणात आला आहे, कलौंजीची थोरवी हदीसमध्ये. म्हणून डॉक्टरने कलौंजीविषयी विचारले की रुग्णाला वाटते, आपल्या इमानाचीच तपासणी चालली आहे. आणि डॉक्टर हसला तर ती जखम खोल जाते. परंतु आपल्या जुन्या आलिमांनी या विषयावर मोकळी चर्चा केली आहे. कलौंजीचे वर्णन सर्व रोगांना सारखे लागू नाही, विशिष्ट प्रकारच्या रोगांना आहे, असे काही भाष्यकारांनी म्हटले. इब्न खल्दूनने (१३३२–१४०६) तर स्पष्ट लिहिले की हदीसमधले औषधोपचार हे अरबांच्या तत्कालीन रिवाजाचा भाग आहेत, शरियतचा हुकूम म्हणून ते आलेले नाहीत. इब्न कय्यिमसारखे आलिम त्या उपचारांना अधिक मोठे स्थान देतात. मतभेद आहे. पण उपचार घ्यावा, आणि वैद्यक न जाणता उपचार करणाऱ्यावर अपायाची जबाबदारी येते, ही शिकवण आपल्या परंपरेत ठाम आहे. कलौंजी खाणारा माणूस डॉक्टरला ते सांगतो, तेव्हा त्याच्या श्रद्धेला उणेपणा येत नाही.

विचारावे आणि सांगावे

मग करावे काय? डॉक्टरांनी "आणखी काही औषध घेता का?" असे विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येईल. कारण आपल्या अम्मीच्या लेखी कलौंजी, अळीव, डिंक, मेथी ही औषधे नाहीत, ते खाणे आहे. ‘गिजा’ आणि ‘दवा’ यांच्या मधला पट्टा तिला चांगला ठाऊक आहे, फक्त डॉक्टरच्या प्रश्नात तो नाही. म्हणून नावे घेऊन विचारावे: काढा घेता का, जोशांदा, माजून, कुश्ता, कुणी सांगितलेली पावडर, परदेशातून आलेल्या गोळ्या? आणि उत्तर ऐकल्यावर कपाळाला आठी घालू नये. एकदा आठी दिसली की पुढची दहा वर्षे तो रुग्ण खरे सांगणार नाही.

हकीमसाहेबांची जबाबदारीही कमी नाही. मुंबई, पुणे, मालेगाव येथील युनानी महाविद्यालयांतून पदवी घेऊन आपली मुले-मुली बाहेर पडत आहेत. दोन्ही वैद्यकांची तोंडओळख असलेली ही पिढी आहे. रुग्णाच्या अंग्रेजी गोळ्यांची नावे विचारून कागदावर टिपून घेणे तिला सहज शक्य आहे. शरीराची रचना दोन्हीकडे एकच आहे, मग चौकशी अर्धी का असावी?

रुग्णाने करायची गोष्ट सर्वांत सोपी. दवाखान्यात जाताना दोन्ही फळ्यांवरचे सामान एका पिशवीत घालून न्यावे. पुडीवर नाव नसेल तर अत्ताराकडून लिहून घ्यावे. तो नाव सांगायला तयार नसेल तर ती पुडी घेऊ नये. ऑपरेशन ठरले असेल, बाई गरोदर असेल, यकृत-मूत्रपिंडाचा आजार असेल तर ही पिशवी विसरून चालणारच नाही. घरात बाळंतिणीचे, म्हाताऱ्यांचे खाणे-औषध बहुधा बायाच पाहतात. पण दवाखान्यात बोलतो तो सोबत आलेला पुरुष. ज्या बाईला ठाऊक आहे तिला बोलू द्यावे.

साडेचारशे वर्षांपूर्वी अहमदनगरच्या महालात एक सुलतान आणि एक फिरंगी वैद्य एकमेकांना औषधांची नावे शिकवत बसले. त्यांची भाषा वेगळी होती, धर्म वेगळा होता, आणि एकाची सत्ता दुसऱ्याच्या राजाशी कधी तहाची तर कधी लढाईची होती. तरीही समोरच्याला जे ठाऊक आहे ते आपल्याला ठाऊक नाही, एवढे दोघांनी मान्य केले होते. आज डॉक्टर आणि रुग्ण एकाच गावचे, पुष्कळदा एकाच मोहल्ल्याचे असतात. त्यांना एकमेकांच्या पुडीचे नाव विचारायला तेवढीच मान्यता पुरेशी आहे.